तात्यांची काकवी

भरे गावातले आमचे घरमालक तात्या. त्यांच्याकडे चहा प्यायचा, तर आधी बोटांना काकवी लावून घ्यावी लागते. मग ते सुई-दोरा पुढे करतात. "ववा." मी कारखान्यात यंत्रांचे बारीक भाग जुळवतो, बोटांचा मला गर्व. पहिल्याच दिवशी तात्यांनी तो उतरवला.

"आता ऐका शास्त्र," ते म्हणाले. "पेशीतली प्रथिनं म्हंजी तिची बोटं. रगतात साखर लई झाली की त्यांना चिकटती. बोटं आखडली, कामं थांबली, मग पेशी मरती. तुमची बोटं धुतली की सुटतील. पेशीची सुटत न्हाईत."

एवढं ऐकून चहा मिळाला तो बिनसाखरेचा.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत तात्यांनी तीस वर्षं काचेची भांडी धुतली. तिथे कानावर पडलेलं शास्त्र ते आता भेटेल त्याच्या गळी उतरवतात. शेजारच्या पूजेत त्यांनी गुरुजींनाही सुई ओवायला लावली. तेव्हापासून शेजारी प्रसाद घरी आणून देतात, पूजेला बोलावत नाहीत. मीही जिन्यावरून चोरपावलांनी जात असे.

त्यांच्या बायकोला, मावशींना, जुना मधुमेह. पायांच्या नसांमधल्या पेशी मेल्या, तळव्यांची जाणीव गेली. गेल्या लावणीत भाताच्या खाचरात काच लागली, त्यांना कळलंच नाही. जखम चिघळून दोन बोटं काढावी लागली. पुन्हा असं झालं तर पाऊल जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

यंदा तात्यांनी गमबूट आणले. मावशींनी ते गोठ्यात टांगले.

"खाचरात पायतान घालून कुनी शिरतं व्हय? लक्षुमी हाय ती. लावनी मी करनार, अनवानीच करनार."

तात्या भांडले, दोन दिवस जेवले नाहीत, शेवटी हरले.

लावणीच्या सकाळी मी कामावर निघालो, तर तात्या चिखलात एकटेच. रस्त्याकडेच्या बांधापासून पाऊलभर सरकत, टाच दाबत, पुन्हा सरकत. सुट्टीला येणारे बाटल्या फेकतात ना, त्यांच्या काचांची रास बांधावर जमली होती. टाचेतून रक्त येत होतं. मला माझीच लाज वाटली.

"तात्या, तुम्ही तरी बूट घाला."

"बूट घालून काच कळंल का?" ते वर न बघता म्हणाले. "तिच्या पायाला कळत न्हाई. माझ्या कळतंय अजून."

पलीकडून मावशींनी रोपांची जुडी हातात घेऊन विचारलं, "अवो, उतरू का?"

"थांब. ह्यो कोपरा ऱ्हायलाय."