मुंबई टाइमचा उमेदवार

परळच्या आमच्या चाळीत दोन वेळा चालायच्या. एक सगळ्या हिंदुस्थानची आणि दुसरी दाजी तिरोडकरांची. दाजींची वेळ मागे असायची, पाऊण तासाला थोडी कमी इतकी. त्यांच्या खोलीतलं लंबकाचं घड्याळ बिघडलेलं नव्हतं बरं का. रोज किल्ली देऊन, धोतराच्या सोग्याने काच पुसून त्यांनी ते मुद्दाम तसं ठेवलेलं होतं.

आताच्या मुलांना हे ठाऊक नसेल, पण एके काळी मुंबईला स्वतःची वेळ होती. मुंबई टाइम म्हणायचे तिला. पुढे देशाची एकच वेळ ठरली आणि हळूहळू सगळ्यांनी आपापले काटे पुढे केले. दाजींनी नाही केले. का नाही म्हणून विचारलं, की खुर्चीत ताठ बसून म्हणायचे, "माका इचारल्यानी?" म्हणजे, मला विचारलं होतं का कुणी?

हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. मालकाने चाळीला हिरवा रंग काढला, "माका इचारल्यानी?" कोपऱ्यावरच्या इराण्याने जुने जाड कप काढून नवे पातळ आणले, तिथेही दाजी चहा न पिता उठले. इराणी बिचारा म्हणाला, "दाजी, च्या तोच हाय!" दाजी म्हणाले, "च्या तोच असात. ओठ माझे आसत."

मी लग्न होऊन आले तेव्हा दाजी गिरणीतून नुकतेच सुटले होते. साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात अख्खा जन्म गेलेला, त्यामुळे बोलणं सगळं वरच्या पट्टीत. मूलबाळ नाही. घरात त्यांच्या पत्नी, आमच्या काकी; त्या वर्षभरात गेल्या. आमच्या मजल्याला गॅलरीच्या टोकाला एकच नळ. त्याला पहाटे पाणी यायचं ते सरकारी वेळेने. दाजी आपल्या वेळेने उठले असते तर नळ कोरडा झालेला. म्हणून काकी त्यांना हाक मारायच्या. काकी गेल्या आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण माझी खोली शेजारची. मी आपली कळशी नळाखाली लावायची आणि त्यांच्या दारावर थाप मारायची.

"दाजीनू, पाणी इलां!"

आतून आवाज, "आत्ता? माझ्या घड्याळात अजून रात आसा!"

"घड्याळात नाय इलां. नळाक इलां!"

मग बादली घेऊन बाहेर यायचे ते पुटपुटतच. वर मला म्हणायचे, "बोंबलतंस किती गो! बहिरो नाय मी." हे रोजचं. आभारबिभार काही नाही.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा आमचं परळ-लालबाग काय सांगू! गल्लीगल्लीत सभा, मोर्चे, मग लाठ्या, मग गोळीबार. चुली थंड राहिल्या घरोघर. त्या दिवसांत एकदा संध्याकाळी सातपासून संचारबंदी लागली. सगळे आत. दाजी मात्र चाळीच्या तोंडाशी, जिन्यासमोर खुर्ची टाकून बसलेले. पोलिसांची गाडी आली. चळवळीतल्या पोरांना धरायला आले होते. फौजदार ओरडला, "ए म्हाताऱ्या, सात वाजून गेले, आत हो!"

दाजींनी खिशातून साखळीचं घड्याळ काढलं. सावकाश झाकण उघडलं. "सात वाजाक अजून वेळ आसा," म्हणाले.

फौजदाराने आपलं मनगट दाखवलं. दाजींनी आपलं घड्याळ दाखवलं. फौजदार म्हणाला, ही सरकारची वेळ आहे. दाजी म्हणाले, "माका इचारल्यानी?" असा तो वाद रंगला. दाजींनी त्याला मुंबई टाइमचा सगळा इतिहास ऐकवला, तोही खुर्ची जिन्यासमोरून तसूभर न हलवता. तोवर मास्तर आणि त्यांची पोरं मागच्या मोरीवरून पलीकडच्या चाळीत पोचली होती. मास्तर म्हणजे खालच्या मजल्यावरचे गवाणकर, आमच्या भागातला चळवळीचा मोठा कार्यकर्ता. शेवटी फौजदाराने कपाळाला हात लावला आणि दाजींना खुर्चीसकट उचलून बाजूला ठेवलं. पण तोवर वर होतं कोण? आम्ही बायका!

म्हणून पुढच्या निवडणुकीत दाजी स्वतःच आमदारकीला अपक्ष उभे राहिले तेव्हा मास्तरांना धक्काच बसला. चळवळीचा उमेदवार उभा असताना आपल्याच चाळीतला माणूस मतं फोडणार! मास्तर वर आले, गॅलरीत सगळ्यांदेखत म्हणाले, "दाजी, तुम्ही आमच्या विरोधात?"

"इरोधात कोण? मुंबई म्हाराष्ट्राचीच. त्यात भाषण करण्यासारखा काय आसा? मुंबई मिळतली रे. मिळाल्यावर नळ खंय ठेवतलास, ता सांग!"

तर दाजींची खरी लढाई ही. खोल्याखोल्यांत नळ द्यायचे, अशी तेव्हा बोलणी चालली होती. दाजींचा त्याला कडवा विरोध. शिवाय त्यांचं म्हणणं, दिवसाउजेडी दाराला कडी लावणाऱ्याला चाळीत खोली देऊ नये. गणपतीत कर्णा लावू नये, आरती माणसांच्या गळ्यातून यावी. लग्नाची पंगत जमिनीवरच बसावी. चाळीच्या चौकात सायकल चालवू नये, हातात धरून न्यावी. आणि सगळ्यांत आधी मुंबई टाइम परत आणावा.

"मुंबई पाहिजे म्हणून घसे फोडतास," मास्तरांना म्हणाले, "आणि मुंबईची वेळ फुकट देऊन टाकलास! ती मागूक कोण गेलो?"

मास्तर टोपी सारखी करत जिना उतरले.

मी मात्र हटले नाही. कळशा वाहून माझी कंबर मोडली होती. मी म्हटलं, "दाजी, घरात नळ आला तर तुमचं काय बिघडतं?"

"मगे भांडतलंस कोणाशी?"

"घोवाशी!" माझ्या नवऱ्यासकट अख्खी गॅलरी हसली.

"घोव ऐकता थोडोच! नळावरचा भांडाण धा जणी ऐकतत." मग एकदम गंभीर झाले. "घरात नळ इलो की दाराक कडी इली. कडी इली की चाळ संपली. बघ तू."

मी म्हटलं, "मी मत देणार नाही हं तुम्हाला." म्हणाले, "देऊ नको. पण सभेक ये."

त्या काळी प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असायची आणि पेटीवर त्याच्या निशाणीचं चित्र. दाजींना निशाणी काय मिळावी? सायकल! दाजींनी दोन दिवस प्रचाराचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी प्रचाराला निघाले ते गर्जत, "सायकलीला मत द्या, पण सायकल घेऊ नका!" पोरांना तर मेजवानीच.

सभा सहाला ठेवली होती. आम्ही सगळ्या सहाला जाऊन बसलो. दाजींचा पत्ता नाही. कंटाळून एकेक जण उठली, स्वयंपाकाची वेळ झाली. बरोबर त्यांच्या सहाला दाजी कोट-टोपी घालून आले तर मैदानात एक कुत्रं आणि माझी सासू. सासूला गुडघ्यांमुळे उठता येत नव्हतं. दाजींनी सगळं भाषण केलं, अगदी "बंधूंनो आणि भगिनींनो" पासून.

मतदानाच्या दिवशी तर कहर. दाजी दिवसभर इतरांना केंद्रावर धाडत होते आणि स्वतः आपल्या घड्याळाप्रमाणे शेवटच्या घटकेला पोचले. केंद्र बंद! आतला अधिकारी सांगतोय, वेळ संपली. दाजी साखळीचं घड्याळ नाचवतायत. उमेदवाराला स्वतःचं मत देता आलं नाही. चळवळीचा उमेदवार दणदणीत निवडून आला, चाळीत गुलाल उडाला, आणि त्या गुलालात सगळ्यांत लाल कोण, तर दाजी! "हरलास ना?" म्हणून कुणीतरी डिवचलं, तर म्हणाले, "मी खंय हरलंय? लोकांचो निर्णय चुकलो."

पुढे राज्य झालं, मुंबईसकट. दिव्यांनी परळ उजळलं. आणि त्याच सुमाराला मालकाचा निरोप आला, आता खोलीखोलीत नळ. मला म्हणाल तर दोन्ही बातम्यांचा आनंद सारखाच झाला.

नळवाले यायचे त्या पहाटे त्या आनंदानेच मला लवकर जाग आली. पाणी यायला अवकाश होता. मी गॅलरीत आले. दाजींचं दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं, फटीतून उजेड. सहज आत नजर गेली.

दाजी अंघोळ-गंध आटोपून, टोपी घालून खुर्चीत बसले होते. खुर्ची दाराकडे तोंड करून. पायाशी बादली आणि कळशी घासून ठेवलेली. हातात साखळीचं घड्याळ, आणि नजर कधी घड्याळावर, कधी दारावर. पाणी कधी येतं हे त्या माणसाला अगदी मिनिटासकट ठाऊक होतं. तो थापेची वाट बघत होता.

मी पाय न वाजवता मागे सरले. मग त्या मतदानाला उशीर झाला, तोही मुद्दामच? चळवळीविरुद्ध मत टाकायला हात धजेना म्हणून तर नव्हे? ते त्यांना विचारायची माझी कधी छाती झाली नाही. नळाला पाणी आलं तशी मी पाय आपटत गेले आणि दारावर थाप मारली. आतून ताबडतोब, झोपेतून उठल्यासारखा आवाज, "आत्ता?"

दुपारी नळवाले आले. आमच्या खोल्यांत नळ बसले. दाजींनी दारातूनच त्यांना परत धाडलं, "माका इचारल्यानी?" मग तो मिस्त्री गॅलरीतल्या नळाचा पाइप कापायला बसला. मी पदर खोचून पुढे झाले. माझ्या मागे मजल्यावरच्या सगळ्या बायका.

"हात लावायचा नाही त्याला."

"बाई, घरात दिलाय की नळ! हा कशाला पाहिजे?"

"आमचे आमदार इथे पाणी भरतात," मी म्हटलं.

"आमदार? कुठले आमदार?"

"ह्या मजल्याचे."

मालकाचा माणूस आला, त्याने आवाज चढवून पाहिला. आम्ही नळासमोर मांड्या ठोकून बसलो. इतकी वर्षं नळावर भांडून कमावलेले गळे होते आमचे. नळ राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या मोरीत, माझ्या स्वतःच्या नळाला पाणी आलं. कळशी तशीच वाहत ठेवून मी बाहेर गेले.

"दाजीनू, पाणी इलां!"

आधी आत खुर्ची सरकल्याचा आवाज. मग नाक शिंकरल्यासारखं काहीतरी.

"बोंबलतंस किती गो," दाजी म्हणाले. "बहिरो नाय मी."