आप्पा दसगुड्यांचा मग

आप्पा दसगुड्यांनी भजं कधी सरळ उचलून तोंडात टाकलं नाही. आधी ते भोसकायचे. सदऱ्याच्या खिशात छत्रीची एक मोडकी काडी असायची. ती काढायची, धोतराच्या सोग्याला पुसायची, भज्यात आरपार घालायची, उजेडात धरायची आणि मग तिचा वास घ्यायचा. समोरच्याचं भजं तोवर पोटात जिरायला लागलेलं असे. एवढं करून काही सापडलं नाही तर आप्पा खूश होतील असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. "आज काय घावलं न्हाई," असं ते ज्या सुरात म्हणत, त्यात चोर हातचा निसटल्याची हळहळ असे.

भोसकणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदाच होता. शिरूरच्या जकात नाक्यावर ते कारकून होते. गावात येणाऱ्या गाडीतल्या पोत्यांत लोखंडी सळई खुपसायची आणि वर ज्वारी दिसत असली तरी खाली काय आहे ते पाहायचं, हे त्यांचं काम. दिवसभर लोक त्यांच्याशी खोटं बोलत आणि ते ऐकून घेण्याचा त्यांना पगार मिळे. अशा माणसाचा विश्वास कशावर बसणार?

नवे पैसे चालू झाले त्या सुमारास मी शिरूरच्या शाळेत मास्तर म्हणून आलो. बिऱ्हाड अजून आणलं नव्हतं, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ एसटी स्टँडासमोरच्या रसूलभाईंच्या हॉटेलात माझा मुक्काम. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक चूल, एक तांब्याचा बंब आणि ज्यात निम्माच चेहरा दिसतो असा आरसा. रसूलभाईंचं घराणं पिढ्यान् पिढ्या शिरूरचं. अंगानं आडवे, आवाजानं त्याहून आडवे, आणि गिऱ्हाइकाच्या घरच्या म्हशीपासून सासऱ्यापर्यंत सगळ्यांची चौकशी करणारे. चहा बहुतेक लोक 'एकात दोन' घेत. म्हणजे चहा एकच मागवायचा, एकानं कप घ्यायचा, दुसऱ्यानं बशी. तालुक्यातल्या निम्म्या सोयरिकी आणि बांधाच्या भांडणांतल्या निम्म्या तडजोडी त्या एका कपबशीवर झाल्या असतील.

आप्पांनी मात्र एकात दोन कधी घेतला नाही. ते दाराशेजारच्या बाकड्याच्या अगदी टोकाला, वाऱ्याच्या तोंडाशी बसत. आत या म्हटलं तर म्हणत, "हितं बरं हाय. पळायला सोपं."

पहिल्याच दिवशी ते मला कुजबुजत म्हणाले होते, "मास्तर, हितं पानी मुरतंय."

"कुठं?" मी घाबरून पाय वर घेतले.

"दुधात."

पाणी मुरतंय हे त्यांचं ब्रह्मवाक्य. ते दुधाला लागू पडे, रेडिओवरच्या बातम्यांना पडे आणि हेडमास्तरांच्या हसण्यालाही पडे. दुधाच्या बाबतीत तर त्यांनी चौकशीच केली होती. रसूलभाईंना दूध घालणाऱ्या गवळ्याच्या गोठ्यावर जाऊन प्रत्यक्ष म्हशीची भेट घेतली. म्हैस निरोगी होती, चांगली काळीभोर होती. आप्पा परत आले ते विजयी मुद्रेनं. "म्हस इहिरीच्या कडंला बांधलीया," त्यांनी सगळ्या हॉटेलाला सांगितलं. "का बांधली? लांब बांधाया काय झालं हुतं?" रसूलभाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणत, "पोरीकडचं समदं चांगलं हाय, असं म्हनत्यात. म्हंजी पानी मुरतंय." घर तळेगाव ढमढेऱ्याला, भावाचं. तिथं बाजाराच्या दिवशी जात, ओट्यावर बसत, भाचरं-पुतणी अंगाशी यायला लागली की काठी घेऊन उठत आणि एसटी पकडत. लोक म्हणत, माणूस तुसडा आहे. मीही तेच म्हणत होतो.

आता मगाकडे येतो, कारण खरं प्रकरण त्या मगाचं आहे.

आप्पांच्या खांद्याला कापडी पिशवी असे आणि पिशवीत एक पांढरा, निळ्या काठाचा, ठिकठिकाणी टवके उडालेला इनॅमलचा मग. चहा ते त्या मगातच घेत. रसूलभाईंनी वरून ओतायचा, मगाला हात लावायचा नाही. पिऊन झालं की आप्पा बंबातलं कढत पाणी मागून घेत, बाहेर गटारापाशी जाऊन मग खळखळून विसळत आणि पुसून पिशवीत टाकत. हे मी रोज पाहत होतो आणि एक गोष्ट मला खटकत होती. घाणीची शिसारी असलेला माणूस भांडं पिण्याच्या आधी धुतो. आप्पा नेहमी नंतर धूत.

गावात या मगाबद्दल मतं अनेक होती. कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे नाक्यावर पकडलेल्या व्यापाऱ्यांपैकी कुणी विष घालील अशी त्यांना धास्ती आहे. रसूलभाईंनी मत कधी बोलून दाखवलं नव्हतं. एका दुपारी हॉटेलात मी एकटाच होतो, तेव्हा बाकडं पुसता पुसता ते म्हणाले, "मास्तर, माझ्या हातचं भजं चालतं. पाव चालतो, मिसळ चालती. कप तेवढा चालत न्हाई. भज्याला बाट न्हाई आन् कपाला हाय, ह्यो कुठला धरम?"

मी म्हणालो, "तसं नसेल हो."

"मग कसं हाय, सांगा."

रसूलभाईंनी फळीवरून कागदात गुंडाळलेली कपबशी काढली. पुण्याहून आणलेली, पांढरीशुभ्र, गुलाबी फुलांची. "गेल्या ईदला आणली. त्यांच्यासाठी. म्हणलं, कुणाच्या व्हटाला लागली न्हाई, कोरी हाय, घ्या. तर म्हणले, फुलं काढलीत म्हंजी खाली तडा झाकलाय." ते हसले, पण ते हसणं खरं नव्हतं. कपबशी पुन्हा कागदात गेली. त्या दिवशी मला आप्पांचा मनापासून राग आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझं आणि आप्पांचं दौंडला जाणं झालं. मला पुण्याहून रेल्वेनं आलेल्या शाळेच्या पुस्तकांचं पार्सल सोडवायचं होतं, आप्पांना तिथल्या नाक्यावर काही काम होतं. एसटीनं धुळीत लोळून निघालेल्या म्हशींसारखे होऊन आम्ही उतरलो. मी म्हटलं, आज चैन करू, आणि त्यांना स्टेशनाजवळच्या एका बड्या हॉटेलात नेलं.

टेबलावर कापड होतं. आप्पांनी ते उचलून खाली पाहिलं. "एवढं झाकायचं काय कारान?" वेटरनं पांढरा कोट घातला होता, तेही त्यांना आवडलं नाही; पांढरं कापड घालतो त्याला काहीतरी लपवायचं असतं म्हणाले. पण चहा आला आणि आप्पा थक्क झाले. किटलीत नुसता कोरा चहा, एका भांड्यात दूध, एका भांड्यात साखर. माल वेगवेगळा, उघडा, तपासायला मोकळा. "ह्याला म्हनत्यात हाटेल," ते म्हणाले. "जकातीला कसं सोपं जाईल." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उपाहारगृहाची स्तुती करताना ऐकलं. त्यांनी पिशवीतून मग काढला, वेटरच्या कपाळावरच्या आठ्यांकडे दुर्लक्ष केलं आणि चहा ओतून घेतला.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून एक किडकिडीत माणूस उठून आला. "आप्पा न्हवं का? वळाखलं का? आन् ह्यो तोच सरकारी मग का? अजून जपलाय व्हय?"

आप्पांचा चेहरा पडला. "मानूस चुकलं तुमचं," ते म्हणाले, भरलेला मग तसाच बाहेर नेऊन गटारात ओतला आणि स्टँडाच्या दिशेनं चालू लागले.

परतीच्या वाटेत ते एवढंच बोलले, "त्या मानसाच्या बोलन्यात पानी मुरतंय." माझ्या डोक्यात चक्र चालू झालं. सरकारी मग. सरकार मग कुठं देतं? तुरुंगात. लग्न नाही, घरी राहणं नाही, दाराशी बसणं आणि "पळायला सोपं". सगळं जुळत गेलं. संशय हा खरजेसारखा असतो, शेजारी बसलं तरी लागतो. त्या दिवसापासून मी हॉटेलात पाकीट आतल्या खिशात ठेवायला लागलो.

आणि एक दिवस तो मग मेला. मेला हाच शब्द बरोबर आहे. नगरकडून आलेल्या एसटीच्या टपावर कुणाची तरी पोती होती. आप्पा शिडीनं वर चढले, पिशवी खांद्यावरून निसटून चाकामागं पडली, आणि ड्रायव्हरनं नेमकी तेव्हाच गाडी जरा मागं घेतली. आप्पा खाली आले तोवर मगाचा पापड झाला होता. तो पापड हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले. हसलेली माणसंही त्यांचं तोंड बघून पांगली.

दोन-तीन दिवस आप्पा हॉटेलात फिरकले नाहीत. मग एका सकाळी आले, पण आत नाही. समोरच्या दगडावर बसले. रसूलभाईंनी त्यांना पाहिलं, फळीवरचा कागद सोडला, गुलाबी फुलांच्या कपात चहा ओतला आणि स्वतः रस्त्यापर्यंत घेऊन गेले. हात धरून त्यांना दाराच्या बाकड्यावर आणून बसवलं.

"घ्या."

"नगं," आप्पा म्हणाले.

"तडा न्हाई. बगा फिरवून."

"नगं म्हनतो न्हवं."

रसूलभाईंचा आवाज एरवी स्टँडाच्या पलीकडं जायचा. आज तो एकदम खाली आला. "आप्पा, इतकी वर्सं तुम्ही संशय घेतला, मी हसण्यावारी नेला. आज मी घेतो. ह्या कपाला माझा हात लागलाय, म्हणून नगं ना? तसं असंल तर तसं बोला. मग उद्यापास्नं भजंबी देत न्हाई मी तुम्हाला."

मला वाटलं, आप्पा आता उठतील आणि पुन्हा कधीच येणार नाहीत. त्यांनी खिशातली छत्रीची काडी काढली, उगाच बोटांत फिरवली.

"कपात काय न्हाई, रसूलभाई," ते म्हणाले. "माज्यात हाय."

मग त्यांनी सांगितलं. शिरूरला येण्याआधी त्यांना क्षय झाला होता. वर्षभर सरकारी दवाखान्यात होते. तो मग तिथलाच. दौंडचा तो माणूस शेजारच्या खाटेवरचा. ठरलेलं लग्न तेव्हाच मोडलं. "सुया टोचून टोचून डाक्टर म्हनला, बरा झालास, जा. पर माजा इस्वास बसंना. हितं लोक एकात दोन पित्यात. माजा कप कुनाच्या तरी पोराला जायाचा."

शेजारच्या बाकड्यावरचे दोघं चहा अर्धा टाकून उठून गेले. आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हे होणार हे त्यांना इतकी वर्षं ठाऊकच होतं. तुरुंगाची माझी सगळी जुळवाजुळव गळून पडली.

रसूलभाई कप हातात घेऊन तसेच उभे. "तवापास्नं खोकला?"

"न्हाई."

"ताप?"

"न्हाई."

"मग आप्पा, दोन दिडक्यांचं भजं तुम्ही भोसकल्याबिगर खात न्हाई, आन् स्वतःला फुकाट गुन्हेगार ठरवून बसला? एकदा तपासून तरी बगायचं." त्यांनी कप आप्पांच्या हातात दिला. "अर्धा प्या. अर्धा ठेवा."

आप्पांनी कप तोंडाला लावला. चहा थोडा सदऱ्यावर सांडला. अर्धा झाल्यावर रसूलभाईंनी कप काढून घेतला, उरलेला चहा गुलाबी फुलांच्या बशीत ओतला आणि एका दमात भुरकून टाकला. मग गल्ल्यावर जाऊन बसले, जणू काही झालंच नाही.

पण आप्पांच्या बाबतीत ते इतक्यावर थोडंच मिटणार होतं? दुसऱ्या दिवसापासून ते पहाटेच हॉटेलात येऊन रसूलभाईंना न्याहाळू लागले. चुलीच्या धुरानं रसूलभाई जरा खाकरले की आप्पा पांढरेफटक. "हा खोकला कवापास्नं हाय? रातच्याला घाम येतो का?" गिऱ्हाईक भजी मागतंय आणि आप्पा मालकाची नाडी धरून बसलेत, असं रोज चाललं. शेवटी रसूलभाईच वैतागले. "मास्तर, पुण्याला चला आमच्यासंगं. छातीचा फोटो काढून घेतो. पर एक अट हाय. ह्यांनीबी काढायचा."

फोटो निघाले. डॉक्टरांनी दोन्ही खिडकीशी धरून पाहिले आणि म्हणाले, "दोघांच्याही छात्या स्वच्छ आहेत." आप्पांनी त्यांना तीनदा विचारलं, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "लई लवकर बोलला."

परतीच्या एसटीत खिडकीशी आप्पा, मध्ये रसूलभाई, कडेला मी. आप्पांनी पाकिटातून दोन्ही फोटो काढले आणि उन्हात धरले.

"हितं पांढरं दिसतंय."

"बरगड्या हायत त्या," रसूलभाई म्हणाले.

आप्पा कधी हा फोटो वर धरत, कधी तो. वाघोली गेली, लोणीकंद गेलं. मग ते हळूच म्हणाले, "ह्यातला माजा कुठला आन् तुमचा कुठला, कळंना."

"कोपऱ्यात नंबर आहे," मी म्हटलं.

"नंबर काय, घालनाऱ्याच्या हातात. अदलाबदल झाली असंल तर?"

रसूलभाईंनी डोळे मिटून मान मागं टेकली होती. "झाली तर झाली," ते म्हणाले. "तुमचा मला, माझा तुम्हाला."

आप्पांनी फोटो एकावर एक ठेवून पाकिटात घातले, पाकीट त्या मगाच्या पिशवीत ठेवलं आणि पिशवी पोटाशी धरून बाहेर बघत राहिले. डोळ्यांत धूळ गेली असं त्यांनी मला सांगितलं. खिडकीची काच लावलेली होती.

शिरूरला उतरल्यावर रसूलभाईंनी हॉटेल उघडलं, चूल पेटवली आणि स्वतःच आरोळी दिली, "एक चा, एकात दोन." या वेळी आप्पांनी बशी घेतली. भुरका मारला, जिभेवर घोळवला, डोळे बारीक केले.

"म्हस," ते म्हणाले, "अजून इहिरीच्या कडंलाच दिसतीया."