लांडग्याचं वजन आणि माझ्या पौर्णिमा

नातीच्या वहीत डोकावायचं नाही, एवढं मी ठरवलं असतं तर माझ्या अठरा पौर्णिमा आज शाबूत राहिल्या असत्या. पण सुट्टीला आलेली नात आठ दिवसांनी परत चेन्नईला जाणार, आणि वहीत काहीतरी लिहीत एकटीच बसलेली. मेथीची परात घेऊन मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

प्राची म्हणजे आमच्या मुलाची, श्रीनिधीची मुलगी, सातवीतली. शाळेसाठी तिला कल्पनेतला एक प्राणी निवडून, तो खरा असता तर त्याचं शरीर कसं चाललं असतं, हे लिहायचं होतं. तिनं निवडला पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस. (मी आधी कानाची पाळी धरली. पोखर्णीचा नृसिंह आमचं कुलदैवत. देवाचं वेगळं, त्याला आयाळ कुठून आली हे कोणी विचारत नाही.)

लांडगा म्हटल्यावर मला पेडगाव आठवलं. वडील तिथं मास्तर होते. शाळेमागच्या माळावर मुंजाजी मेंढरं चारायचा आणि मधल्या सुट्टीत मी त्याच्यापाशी. बाभळीची विरळ सावली, घोंगडीचा उबट वास, आणि माळाच्या कडेचा एक राखाडी ठिपका दाखवत हळू आवाजात बोलणारा मुंजाजी. "त्यो रोज खात न्हाई, ताई. गावलं तर पोटाला तडस लागस्तोर, न्हाई तर चार-चार दिस नुसतं पाणी. उपासाचा परानी हाय त्यो." पन्नास वर्षं झाली. माळावर आता प्लॉट पडलेत, पण कोणी उपासाचं नाव काढलं की मला आधी तो ठिपका दिसतो.

हे ऐकून प्राची माझ्याकडं आदरानं बघायला लागली. चेन्नईला राहून ही पोर आपल्याला विसरेल, ही माझी भीती त्या दुपारी थोडी कमी झाली. मग आम्ही दोघींनी मिळून तो प्राणी बांधायला घेतला. लांडगा टाच टेकत नाही, बोटांवर चालतो. म्हणजे त्या माणसाचे घोटे रात्रीतून वर सरकणार आणि सकाळी पायाला तेल चोळून घ्यावं लागणार. अंगावरचे केस दुसऱ्या दिवशी गळणार, म्हणजे मोरी तुंबणार आणि ती बायकोनंच साफ करायची. कवळी असेल तर सुळे कुठून फुटणार, हा प्रश्न मी काढला. (घरात कवळी ह्यांची. ह्यांनी पेपर जरा वर धरला.)

"पण वजन वाढणार नाही हं, आजी," प्राची म्हणाली. "सत्तर किलोच्या माणसाचा सत्तर किलोचाच लांडगा."

हे मला लगेच पटलं. कणकेचा गोळा तोच, पुऱ्या करा नाहीतर पोळ्या. खाल्ल्याशिवाय वजन येणार कुठून? मग उपाशी दिवसात शरीर किती घटतं, ते मोजायचं ठरलं. दुसऱ्याच दिवशी पौर्णिमा होती.

आता ही पौर्णिमा साधी नव्हती. श्रीनिधीची बदली आपल्या भागात व्हावी म्हणून आम्ही दोघांनी जोडीनं उपासाच्या एकवीस पौर्णिमा बोलल्या होत्या, त्यातली ही शेवटची. ही झाली की पोखर्णीला उद्यापन. हे तर फराळालाही शिवत नसत. दिवसभर चहावर राहायचे आणि चार वाजता देवळात जायचे. शेजारच्या शिवकन्येला मी कितीदा सांगितलं असेल, नवरा असावा तर असा. म्हणून वजनाला ह्यांनाच उभं केलं.

सकाळी भरले एकाहत्तर किलो. देवळातून आल्यावर, बाहत्तर.

ह्यांनी काट्याला दोष दिला. प्राचीनं पाच किलो पिठाची पिशवी ठेवून बघितली. काटा बरोबर पाचावर.

"आबा, दिवसभर नुसता चहा ना?"

हे निवृत्त मुख्याध्यापक. मुलांसमोर खोटं बोलायची सवय नाही. स्टँडामागच्या गाड्यावर मिरची भजी खातो म्हणाले. पहिल्या तीन पौर्णिमा मात्र खरंच केल्या होत्या, अगदी शपथेवर.

मी मटकन खाली बसले. एकवीसमधून अठरा गेल्या. माझ्या डोळ्यांपुढं चेन्नईची गाडी उभी राहिली, आणि तिच्या खिडकीत दरवर्षी थोडी उंच होत जाणारी प्राची. डोळे पुसत मी म्हटलं, "अहो, भज्यांसाठी पोराला तिकडं ठेवलंत."

ह्यांची मान खाली. प्राचीला काही ते बघवेना. मला उठवायला म्हणून म्हणाली, "आजी, तुझंही घेतलं होतं ना सकाळी? चढ बरं."

चढले. सव्वा किलो जास्त. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि सहा केळी. (लाडू मी धरले नाहीत, ते प्रसादाचे.)

ह्यांनी हसू कवळीमागं कसं अडवलं, तेच जाणे.

मी जाहीर केलं, नव्यानं एकवीस, आणि मुंजाजीच्या लांडग्यासारख्या, नुसत्या पाण्यावर. चार दिवसांनी संकष्टी होती, तिलाच सराव करू.

संकष्टीला दुपारी दोनपर्यंत मी शांत होते. तीनला दूधवाल्याला सुनावलं. साडेतीनला शिवकन्येला, ती बिचारी विरजण मागायला आली होती. चारला हे नुसतं खाकरले, तर मी भांड्यांच्या ढिगातून असं काही वळून बघितलं की हे देवळात निघून गेले. प्राचीनं वहीत वेळ टाकली. ती अंगणात जाऊन बापाशी फोनवर हळू बोलायली होती.

"बाबा, बदली मागाच. मला इथं राहायचंय. फक्त आजीला उपासाला खिचडी खाऊ द्यायची, एवढं आधी कबूल करून घ्या."

माझं पोट आणि डोळे एकदमच भरून यायला लागले, म्हणजे डोळेच, पोट रिकामं होतं. देव समजून घेईल, असं म्हणत मी साबुदाणा काढायला डबा उघडला. डबा रिकामा. ओट्यावर झाकलेलं पातेलं होतं. साबुदाणा ह्यांनी सकाळीच भिजत घालून ठेवला होता, चांगला तीन वाट्या.

माझ्या निग्रहावर ह्यांचा केवढा विश्वास.