पोट सुटलेला बैल

शकुबाईंना 'नाही' हा शब्द फक्त घरातल्या माणसांशी बोलताना आठवत असे. बाहेरच्या कुणी काही मागितलं, की त्यांच्या तोंडून 'हो' निघे आणि ते निभावायचं काम त्यांच्या यजमानांकडे, म्हणजे घनश्यामरावांकडे येई. यंदाही तान्ह्या पोळ्याआधी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल मिरवतात त्या सणाआधी, तसंच झालं. नेरच्या त्यांच्या ले-आउटमधल्या, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीतल्या, बाया भाजीच्या गाडीभोवती जमल्या होत्या. समोरच्या घरातली कोकिळा म्हणाली, "काकू, मागच्या साली तुमच्या नातीसाठी काकाजींनी बैल केलता ना, तसा आमच्या पोट्ट्याले भेटन काय जी तान्ह्या पोळ्याले?"

"एकट्या तुह्याच पोट्ट्याले काहून?" शकुबाई म्हणाल्या. "ले-आउटातल्या साऱ्याच लेकराईले करून देतीन ना हे. घरी बसूनच तर राह्यतेत!"

घनश्यामरावांना हे कळलं तेव्हा ते चहा पीत होते. चहा नाकात गेला.

"अवं, तो एक बैल कापाले मले महिना लागलता!" खोकला थांबल्यावर ते म्हणाले. "बारीक आरीनं कापा लागते. बोटं पाह्य माही!"

"मंग आता लवकर लागा," शकुबाई म्हणाल्या आणि कोथिंबीर निवडायला बसल्या.

घनश्यामराव जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. हयातभर लोकांच्या धुऱ्यांवर, म्हणजे शेताच्या बांधांवर, साखळी ओढली. शेजारचा शेतकरी दर साली वखर मारताना धुरा कसा बोटभर सरकवतो आणि दहा वर्षांनी नांगराची दोन तासं कशी गिळून बसतो, हे त्यांच्याइतकं तालुक्यात कुणाला ठाऊक नव्हतं. मापाच्या बाबतीत माणूस कडक. निवृत्तीनंतर मोबाइलवर सुतारकामाचे व्हिडिओ बघायचा नाद लागला होता. शकुबाईंनी संकट आणलं आणि त्या नादाला एकदम काम मिळालं.

एका व्हिडिओत त्यांना हवं ते यंत्र दिसलं. लाकूड कापायचं राऊटर टेबलाच्या वर दांडीला घट्ट बांधायचं, फिरतं पातं खाली तोंड करून. पात्याच्या बरोबर खाली, टेबलात एक लोखंडी खुंटी उभी. फळीतून कापलेला तयार बैल खाली, कोरी लाकडी पाटी वर, दोन्ही चिकटपट्टीनं एकमेकांना चिकटवायचे. मग खालच्या बैलाचा काठ खुंटीला टेकवत चोहीकडून फिरवला, की वरचं पातं कोऱ्या पाटीतून तसाच्या तसा बैल कापून काढतं. हाताची करामत नको, आखणी नको.

टेबल म्हणून शकुबाईंच्या जुन्या शिलाई मशीनचं स्टँड कामी आलं. त्याच्या फळीला भोक पाडताना शकुबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण हो त्यांनीच म्हटलं होतं, त्यामुळे त्या गिळून गप्प राहिल्या. घनश्यामरावांना लग्नानंतर असा क्षण प्रथमच लाभला होता. त्यांनी भोक जरा सावकाशच पाडलं.

यंत्र अंगणात उभं राहिलं, तसे ले-आउटच्या उत्सव समितीचे अध्यक्ष किसनराव फाटकापाशी येऊन थांबले.

"काय चालू हाय घनश्यामभाऊ?"

"राऊटर बसवून राह्यलो."

किसनरावांचा चेहरा उजळला. "हे लय चांगलं केलं तुमी! आमच्या घरी रेंजच येत नाही. पासवर्ड सांगून देजा."

"अहो, हे लाकडाचं राऊटर हाय."

"लाकडाचं कायले? लोखंडाच्या पेटीत लावा, पाण्यापावसात टिकन," असा सल्ला देऊन किसनराव गेले. संध्याकाळपर्यंत तीन पोरं मोबाइल वर धरून भिंतीपाशी फिरून गेली.

पहिला बैल कापला आणि घनश्यामराव खुंटीकडे बघत राहिले. बैल झकास निघाला होता, पण लोखंडी खुंटीनं खालच्या, म्हणजे नातीच्या बैलाच्या काठाला काळे ओरखडे पाडले होते. नमुन्यासाठी मागवलेला तो बैल यवतमाळला तिच्याकडे परत पाठवायचा होता. त्यांनी डोकं खाजवलं, कोपऱ्यात पडलेली ठिबक सिंचनाची बारीक नळी उचलली, तिचा बोटाएवढा तुकडा कापला आणि खुंटीवर टोपी घालावी तसा चढवला. घट्ट बसला. लाकूड आता गुळगुळीत सरकू लागलं. नातीचा बैल धुऊन-पुसून त्यांनी कपाटात ठेवला आणि नव्या बैलावरून पुढचा कापायला घेतला.

इथंच सगळं चुकलं. पण ते त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

नळीमुळे खुंटी पात्यापेक्षा जाड झाली होती. खालच्या बैलाचा काठ खुंटीपासून नळीच्या जाडीइतका लांब राहायचा, आणि पातं वरचा बैल तेवढ्यानं मोठा कापायचं. फरक किती? ज्वारीच्या दाण्याएवढासुद्धा नाही. दोन बैल एकावर एक असताना काठ किंचित बाहेर दिसे. घनश्यामरावांनी बोट फिरवून पाहिलंही होतं. "पॉलिश पेपरनं निंगते एवढं," ते स्वतःशी म्हणाले.

पण पॉलिश पेपर मारायला बैल त्यांच्या हातात राहील तर ना. नवा बैल कापून थंड व्हायच्या आत शकुबाई खालचा उचलून नेत, त्याला पांढरा रंग देत, शिंगांना लाल, पाठीवर झूल रंगवत, चाकांच्या पाटीवर बसवत आणि ओल्या रंगानिशी त्या-त्या घरी पोचवत. पहिला अर्थातच कोकिळेनं नेला. रंग वाळेपर्यंतही ती थांबली नाही. एक बैल गेला की मागे उरलेला नवा बैल खाली चिकटवायचा, त्यावरून पुढचा कापायचा. "बैलापासून बैल!" घनश्यामराव खुशीत म्हणत. एकेक गल्ली करत काम पुढं सरकत होतं.

मधल्या गल्लीचे बैल चालू असताना शकुबाई कुंचला हातात धरून थबकल्या.

"आयका ना. याचं पोट सुटल्यासारखं नाही वाटत?"

"श्रावण हाय. उपासाची साबुदाण्याची उसळ खाऊन राह्यला असन," घनश्यामराव मान वर न करता म्हणाले. माप चुकलं असं म्हणणाऱ्याला त्यांनी नोकरीतही कधी दाद दिली नव्हती.

शेवटचा बैल पोळ्याच्या दिवशी कापून झाला. तो पुष्पाच्या मुलीचा, खुशीचा. पुष्पा शेवटच्या गल्लीत राहायची, बंजाऱ्यांच्या तांड्यावरून इकडे आलेली. घाई तिनं कधी केली नाही. "सगळ्याईचं होऊ द्या काकू, मंग आमचा," एवढंच म्हणाली होती. शकुबाईंनी तो उलटा केला, सुलटा केला, लांब धरून पाहिला.

"अहो, हा बैल नव्हे."

घनश्यामरावांनी चष्मा पुसला. कापून निघालेलं काहीतरी चार पायांचं होतं खरं, पण पुढचे दोन पाय एकमेकांत मिसळले होते, मागचेही. पोट जमिनीला टेकायला आलं होतं. मान गायब. शिंगांचे दोन जाड कोंब उरले होते. ते धावत खुंटीपाशी गेले, नळी उपसून काढली, पात्याशी लावून पाहिली, आणि दर बैलामागं नळीची जाडी चढत गेली हे त्यांच्या ध्यानात आलं. धुरा बोट-बोट सरकवणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर पकडलं, आणि तोच धुरा त्यांनी स्वतःच्या अंगणात श्रावणभर सरकवला होता.

"दुसरा कापा," शकुबाई म्हणाल्या.

"लाकूड कोठी हाय? उद्या तान्हा पोळा. दुकानं बंद."

मग शकुबाईंनी त्या प्राण्याला शक्य तेवढी सुंदर झूल रंगवली आणि दोघं नवराबायको मान खाली घालून पुष्पाकडे गेली. खुशीनं बैल पाहिला आणि ती आईला ओरडून म्हणाली, "याडी! हत्ती!"

"हत्ती नाही ओ, बैलच हाय तो," पुष्पा म्हणाली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, पण तिनं ते बाहेर येऊ दिलं नाही. "जेवणखाण चांगलं हाय त्याचं. बसा काकाजी, च्या ठेवते."

तिच्या चांगुलपणानं घनश्यामरावांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मारुतीच्या पारापुढं तोरण बांधलं होतं. पोरं नवे कपडे घालून आपापले बैल घेऊन आली. किसनरावांना शिस्त फार प्रिय. त्यांनी माइक हातात घेतला. "गल्लीपरमाने रांग लावा! पहिली गल्ली इकून!"

रांग लागली, आणि आधी एक बाई हसली, मग पाच, मग सगळा पार. पहिल्या गल्लीत तरणेबांड बैल. पुढच्या गल्लीत संसारात पडलेले. त्याच्या पुढं सावकारासारखे पोट काढून उभे. आणि सगळ्यांच्या शेवटी खुशीचा, नुसताच आडवा पसरलेला. घनश्यामराव पिंपळामागं जाऊन उभे राहिले.

"आमचा पाहा, कसा देखणा हाय," कोकिळा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "म्हणून म्या आधीच नेलता."

"भाऊ, हे काय झालं हो?" किसनरावांनी थेट माइकवरूनच विचारलं. "रेंज वाढत गेली काय?"

आता पार पुन्हा खदखदला. शकुबाईंनी पदर तोंडाला लावला, तो नवऱ्याच्या लाजेनं की हसू लपवायला, ते घनश्यामरावांना कळेना.

मग बैल ओढत मिरवणूक निघाली. ले-आउटच्या रस्त्यावर आठवड्यापूर्वीच गिट्टी पडली होती, रोलर काही फिरला नव्हता. कोकिळेच्या पोराचा देखणा बैल दहा पावलांत आडवा झाला, आणि त्याचा पुढचा बारीक पाय टचकन मोडला. पोरानं भोकाड पसरलं. त्याच्या मागच्याचं शिंग गेलं, त्याच्या मागच्याची शेपूट. मधल्या गल्लीचे दोन-तीन लंगडत गेले. पोरं रडत होती, आया मोडके पाय गोळा करत होत्या, आणि ढोलवाल्यांना वाजवावं की थांबावं ते समजेना.

त्या सगळ्या धावपळीतून खुशी दोरी खांद्यावर घेऊन शांतपणे चालली होती. मागं तिचा बैल गिट्टीवर गदगदत येत होता. मोडायला त्याला पायच वेगळे नव्हते. शिंगं दगडावर आपटली, तरी कोंबांना काय होणार! शाळेपर्यंत जाऊन तो तोरणापाशी परत आला, झुलीचा रंगसुद्धा न उडता. ले-आउटातला पहिला नंबर किसनरावांनी त्यालाच दिला, कारण धड उभा असा तोच उरला होता. खुशीला बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिशी, म्हणून खाऊची पुडी मिळाली. तिनं आधी बैलाच्या तोंडाला लावली, मग स्वतः खाल्ली.

घनश्यामराव पिंपळामागून बाहेर आले. छाती थोडी पुढं आली होती. पण दोन पावलं टाकतात न टाकतात तो कोकिळा समोर.

"काकाजी, आमच्या पोट्ट्याले तसाच पाह्यजे. लठ्ठ वाला."

"अवं पोरी, ते चुकून झालं. आता म्या खुंटी नीट केली. पुढच्या साली एकदम मापात..."

"मापातला नोको ना जी! चुकलेलाच पाह्यजे!"

मागून आणखी चार बाया आल्या. सगळ्यांना चुकलेलाच पाहिजे होता. घनश्यामरावांनी आशेनं शकुबाईंकडे पाहिलं.

"देतीन ना," शकुबाई म्हणाल्या. "बसूनच तर राह्यतेत घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी घनश्यामराव नमुन्याच्या फर्म्यासाठी तो बैल मागायला पुष्पाच्या घरी गेले. बैल खाटेच्या पायाला बांधलेला होता, समोर ओंजळभर कडबा. खुशीनं दोन्ही हातांनी त्याची मान धरली. म्हणजे मान असायला हवी होती ती जागा. द्यायला ती काही केल्या तयार होईना. अखेर पुष्पानं पुठ्ठा आणून दिला, आणि मोजणी खात्यातला तो कडक माणूस चष्मा सावरत अंगणात पालथा पडला. पुठ्ठ्यावर बैल आडवा ठेवून त्याच्या कडेनं, केसभरही इकडंतिकडं होऊ न देता, तो पेन्सिलीची रेघ ओढू लागला.

खुशी गुडघ्यांवर बसून बारकाईनं बघत होती. पेन्सिल पोटापाशी आली, तसा तिनं त्यांचा हात धरला.

"आबाजी, इथं जरा लांबून मारा रेघ," ती हळू आवाजात म्हणाली. "आत्ताच जेवला तो."