आबांची बारावी खोली

आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क आबा इंगवले कुठल्याही बांधकामाचं बिल तिथं झोपल्याशिवाय पास करत नसत. अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. नवी खोली बांधून झाली की आबा दुपारी जेवून तिथं जात, काळी टोपी काढून खिडकीच्या गजाला अडकवत, उघड्या फरशीवर उताणे पडत आणि डोळे मिटून घेत. तासाभरानं उठून बिलावर लिहीत, ‘काम पाहिले. योग्य आहे.’ कधी कधी लिहीतही नसत. मग त्या कंत्राटदाराचं काही खरं नसे.

मी कोडोलीचा. माझ्याआधी आमच्या घरात कुणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. बी.ए. झालो आणि या कॉलेजनं मला ऑफिसात घेतलं, ते उपकार मी अजून मानतो. पहिल्या दिवशी आबांनी माझं नाव विचारलं, नीट ऐकून घेतलं आणि पुढं कधीच वापरलं नाही.

“ए बी.ए., हितं बस. सरकारी ग्रँट म्हंजे काय, ठावं हाय?”

मी पुस्तकात असतं तसं उत्तर दिलं.

“न्हाय. ग्रँट म्हंजे शेजारणीनं इस्वासानं ठेवाय दिल्यालं दूध. आपल्याच घरातल्या मांजरापास्नं राखायचं.”

इंजिनियरचा दाखला जोडलेला असला तरी आबा तो बाजूला सारत. “सायबानं खोली बघितली. आता खोलीला जरा बोलू द्या की!” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गंमत म्हणजे खोल्या खरंच त्यांच्याशी बोलत. प्रयोगशाळेत झोपले असता त्यांनी कानाखालच्या फरशीवर बोट वाजवलं आणि म्हणाले, “ही पोकळ हाय.” उकरून बघितलं तर खाली चुन्याऐवजी नुसती माती. चौदा फरश्या निघाल्या.

कंत्राटदार हिंदुरावांनी एकदा हुशारी केली. आबा यायच्या आधी खोलीत सतरंजी आणि मऊ उशी घालून ठेवली. आबांनी उशी पायानं सरकवली.

“उशी दिल्यावर मला फरशी कशी ऐकू येणार, मर्दा?”

“आबा, झोपायचा पगार घेणारा मानूस उभ्या कोल्हापुरात तुमीच बघा!”

“मग तू बांधायचा घेतोस, ते तरी नीट बांध की!”

एका दुपारी त्यांनी मलाही शेजारी निजायला लावलं. मी लाजत पडलो. ओल्या चुन्याचा वास, पाठीला गार फरशी, खिडकीतून आलेलं ऊन भिंतीवर पाण्यासारखं हलत होतं. लांब कुठं तरी बैलगाडीची घुंगरं वाजत होती. हळूहळू ती जवळ आली, खोलीत शिरली, आणि गाडीत आमची आई बसली होती, मांडीवर माझी पुस्तकं घेऊन. जागा झालो तेव्हा आबा माझ्याकडे बघत होते.

“काय बोलली खोली?”

“काही नाही. झोप लागली.”

“मग चांगली हाय. परक्या गावात झोप लागाय खोली चांगलीच लागती.”

त्यानंतर मुलींच्या वसतिगृहाचं काम आलं. बारा खोल्या, सरकारी ग्रँटमधून. मार्चअखेर पैसे दिले नाहीत तर ग्रँट परत जाणार होती. आबांनी अकरा दुपारी अकरा खोल्या पास केल्या. बारावीत गेले आणि बिल तसंच घेऊन आले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसरा दिवस मार्चचा शेवटचा. पाडवा तोंडावर आलेला. राधानगरीकडचे गवंडी बोचकी बांधून आवारात बसलेले. प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला पिटाळलं, “चार वाजायच्या आत आबांची सही आणा.”

हिंदुराव खोलीच्या दारातच उभे होते. “बी.ए. सायेब, इचारा की तुमीच! फरशी वाजत न्हाय, छप्पर गळत न्हाय. ही गडी मान्सं पाडव्याला घरात रिकाम्या हातानं जाऊ देत काय?”

आबा आत फरशीवर बसले होते. टोपी हातात.

“आबा, दोष काय आहे?” मी विचारलं.

“कडी,” ते म्हणाले. “आतली कडी लई वर बसवलीया. रात्री पोर घाबरून उठली, तर हात पोचायचा न्हाय.”

“अवो, बाकीच्या अकरा खोल्यांत बी तितंच हाय!” हिंदुराव ओरडले. “तवा दिसली न्हाय व्हय?”

“तवा मी डोळं मिटून पडलो हुतो. परवा उठून दार लावाय गेलो, तवा दिसली. आता बाराही खाली घे.”

“आज? बारा दारं? आबा, किती खाली?”

आबा उठले. दाराशी जाऊन त्यांनी तळहात हवेत आडवा धरला, आपल्या छातीच्या जरा खाली. “एवढी पोर धर.”

हिंदुराव हसणार होते, पण हसले नाहीत. मला वाटलं, आबांची हिशेबात चूक झाली आहे. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, “आबा, कॉलेजच्या मुली एवढ्या लहान नसतात. मोठ्या असतात.”

आबांचा हात तसाच राहिला.

“आमची सुमी एवढी हुती,” ते म्हणाले. “सातवी पास झाली. म्हणाली, आबा, मला शिकाय कोल्हापूरला न्या. मी हितं खानावळीत जेवणारा, एका खोलीत चौघं गडी. पोरीला ठेवू कुठं? म्हटलं, पुढल्या साली बघू.” मग म्हणाले, “पुढल्या सालापत्तर ऱ्हायली न्हाय. तापानं गेली.”

बाहेर गवंड्यांपैकी कुणी तरी खोकलं. आबांनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि तो सावकाश वर न्यायला लागले. छातीपर्यंत, खांद्यापर्यंत, कानाच्या पाळीपर्यंत. तिथं थांबले.

“हितपत्तर आली असती न्हवं, बी.ए.?”

“आली असती, आबा.”

त्यांनी हात तिथंच धरून कडीकडे नजर टाकली. मनात काही तरी मोजलं.

“मग पोचला असता तिचा हात,” ते म्हणाले, आणि सहीसाठी माझ्याकडे पेन मागितलं.