स्वर्गीय आण्णांचा ओटीपी

जी वस्तू मालकालाच वापरता येत नाही, ती चोरालाही वापरता येत नाही. सुरक्षेचे हे मूलतत्त्व भल्याभल्या कंपन्यांना अजून उमगलेले नाही. नेकनूरपासून सात किलोमीटरवर, माळाच्या कडेला उभ्या असलेल्या कर्मयोगी बबनराव कनिष्ठ महाविद्यालयाला मात्र ते तीन वर्षांपूर्वीच उमगले. (महाविद्यालयाला बबनरावांचे नाव बबनरावांनीच, स्वतःच्या हयातीत, स्वतःच्या अध्यक्षतेखाली दिले होते. सूचक आणि अनुमोदक त्यांचे दोन चिरंजीव होते.)

बारावीचे परीक्षा अर्ज मंजूर करण्यासाठी महाविद्यालयाचे एक ऑनलाइन खाते होते. त्यात शिरायला दोन पायऱ्या चढाव्या लागत. पहिली पायरी पासवर्डची. पासवर्ड एका पुठ्ठ्यावर लिहून पंख्याच्या बटणाशेजारी चिकटवलेला होता, कारण क्लार्क जालिंदर रजेवर गेला तर अडचण नको. चहावाल्यालाही तो पाठ होता. साहजिकच सगळा भार दुसऱ्या पायरीवर येऊन पडला. ही पायरी म्हणजे सहा आकड्यांचा ओटीपी. तो नोंदणीकृत मोबाइलवर येई आणि दहा मिनिटे जगे. नोंदणीकृत मोबाइल संस्थापक बबनराव ऊर्फ आण्णांचा होता. आण्णांना जाऊन तीन वर्षे झाली होती.

आता नंबर बदलावा, असे जालिंदरने एका बैठकीत सुचवले होते. तेव्हा अध्यक्ष भारतराव, म्हणजे आण्णांचे थोरले चिरंजीव, खुर्चीतून अर्धे उठले.

"म्हंजी आण्णाला खात्यातून काडायचं म्हन्तो का बे तू?"

जालिंदरने ताबडतोब सूचना मागे घेतली. बैठकीने एकमताने ठराव केला, की आण्णांचा नंबर हाच संस्थेचा नंबर आहे आणि यावच्चंद्रदिवाकरौ राहील. त्याच ठरावात मासिक रिचार्जलाही मंजुरी मिळाली. रिचार्जच्या तपशिलात अनलिमिटेड कॉलिंग होते. ते कुणाला करायचे, हे ठरावात नमूद नाही.

मोबाइल आण्णांच्या पंचाहत्तरीला कार्यकर्त्यांनी दिलेला, मोठ्या पडद्याचा. प्राचार्यांच्या खोलीत आण्णांच्या फोटोखाली काचेचे कपाट करून त्यात तो उभा ठेवला होता; वर चंदनाचा हार, मागून चार्जर. (प्राचार्यपद रिक्त होते. दोन भावांचे दोन उमेदवार होते आणि दोघेही मेहुणे होते.) मोबाइल उघडण्याचे कुलूप बोटाने आखायचे होते आणि ती आखणी आण्णा सोबत घेऊन गेले होते. त्यामुळे त्या मोबाइलवर काहीही करता येत नसे. फक्त आलेला संदेश बंद पडद्यावर झळके, तेवढा वाचता येई.

कपाटाला कुलपे दोन. एक किल्ली पाटोद्याला भारतरावांकडे, दुसरी बीडला सचिव हनुमंतरावांकडे. एकाच भावाकडे दोन्ही किल्ल्या ठेवल्या तर तो आण्णांचा वारस ठरला असता. जगात या व्यवस्थेला टू-फॅक्टर म्हणतात. इथे दोन्ही फॅक्टर सख्खे भाऊ होते आणि सोसायटीच्या निवडणुकीपासून एकमेकांशी बोलत नव्हते.

ओटीपी काढण्याची कार्यपद्धती दीड पानाची होती. खोलीत चप्पल काढून जावे. कपाटासमोर मान खाली घालून उभे राहावे आणि वर बघू नये. थोरल्याने आधी कुलूप उघडावे, धाकट्याने नंतर. आकडे थोरल्याने वाचावेत, धाकट्याने पुन्हा म्हणावेत, क्लार्कने आवक नोंदवहीत क्रमांक टाकून घ्यावेत, दोघांनी सह्या कराव्यात आणि मग ते संगणकात भरावेत. पहिल्या वर्षी या सगळ्याला चौदा मिनिटे लागली. ओटीपीचे आयुष्य दहा मिनिटांचे असल्याने तो सह्यांच्या टप्प्यावर वारला. तेव्हा आवक क्रमांक मागाहून टाकायची सवलत देण्यात आली. आधुनिकतेपुढे संस्थेने केलेली ही एकमेव तडजोड.

कपाटाची काच बाहेरून पुसायला मात्र मालनबाईला परवानगी होती. (सेविका, शिक्षण: निरक्षर, सेवापुस्तक, पान तीन.) आतल्या वस्तूंना तिने हात लावायचा नाही, असे ठरले होते. त्याचे कारण ठरावात लिहिलेले नव्हते. मालनबाईचे घर भीमनगरात होते आणि अशी कारणे त्या गावात कधी लिहावी लागत नाहीत. ती रोज सकाळी काच पुसे, दुपारी रद्दीतला पेपर पुढ्यात धरून बसे. चित्रे बघत असेल, असे जालिंदरला अकरा वर्षे वाटत होते.

परीक्षा अर्ज मंजूर करण्याचा शेवटचा दिवस उजाडला. पाच वाजता खिडकी बंद होणार होती. एकशे शहाऐंशी अर्ज पडून होते. एकही मंजूर झालेला नव्हता, कारण गेले चार महिने खाते उघडलेच नव्हते. (या काळात खात्यावर एकही सायबर हल्ला यशस्वी झाला नाही, असे वार्षिक अहवालात अभिमानाने नोंदवले आहे.) त्या एकशे शहाऐंशींत जालिंदरची सायली होती आणि मालनबाईची पौर्णिमा होती. पौर्णिमा वर्गात पहिली. तिला नर्सिंगला जायचे होते. पाच वाजले की दोघींचेही वर्ष जाणार होते. त्या वर्षाचे कुणाला काही वाटेल असे दिसत नव्हते.

जालिंदरने आधी भारतरावांना फोन लावला.

"येतो की. तो आला का?"

"न्हाई दादा, निघालेत म्हने."

"मंग आदी त्याला येऊ दे. थोरल्यानं वाट बघत बसायचं का बे?"

मग हनुमंतरावांना लावला. ते म्हणाले, "मी लहान हाय मनून आदी येऊन उबं ऱ्हायचं का? गाडी दिसली त्येची की सांग."

तीनच्या सुमारास दोन्ही गाड्या आल्या. एक गेटच्या अलीकडे चिंचेखाली थांबली, दुसरी गेटच्या पलीकडे टपरीपाशी. दोघांच्या काचा वर होत्या. जो आधी आत जाईल तो दुसऱ्याची वाट बघणार आणि जो वाट बघतो तो खालचा, हे तालुक्यात शेंबड्या पोरालाही कळते. जालिंदर या गाडीपासून त्या गाडीपर्यंत पळत होता. साडेतीनला त्याने आशेवर एक ओटीपी मागवला. तो दहा मिनिटांनी गेला. चारला दुसरा मागवला, तोही गेला. तीनदा वाया गेला की खाते चोवीस तास बंद होणार होते. चार पस्तीसला त्याने तिसरा मागवला आणि खिडकीतून गेटकडे बघत बसला. दोन्ही गाड्यांची इंजिने चालू होती. एसी चालू ठेवायला ती लागतात.

मालनबाई शेजारच्या खोलीत काच पुसत होती. काच सकाळीच पुसलेली होती.

"भाऊसाहेब," ती तिथूनच म्हणाली, "चार, नऊ, शून्य, दोन, दोन, सात."

जालिंदरची बोटे त्याच्या आधी कामाला लागली. खाते उघडले. त्याने पहिला अर्ज मंजूर केला तो सायलीचा. दुसरा पौर्णिमाचा करावा असे त्याच्या मनात आले, आणि सांगायला हरकत नाही, त्याने तो केलाही. चार सत्तावन्नला एकशे शहाऐंशी पूर्ण झाले. मग तो उठून प्राचार्यांच्या खोलीच्या दारात गेला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मान वर करून त्याने कपाटाकडे पाहिले. काचेतून मोबाइलचा पडदा लख्ख दिसत होता. दारातूनसुद्धा वाचता येईल एवढे मोठे आकडे होते. आण्णांना चष्म्याशिवाय दिसत नसे, म्हणून अक्षर मोठे करून घेतले होते.

आपण तीन वर्षे किल्ल्यांच्या मागे धावलो, हे त्याला कळले आणि स्वतःचीच लाज वाटली. लाज साधारण सव्वापाचपर्यंत टिकली. तेवढ्यात दोन्ही गाड्यांचे दरवाजे एकदम वाजले. किल्ल्यांशिवाय खाते उघडले कसे, असे दोघांनी विचारले, तेव्हा खोलीत मालनबाई काच पुसत होती, एवढेच जालिंदरने सांगितले.

मालनबाईमुळे एक गोष्ट मात्र झाली. सोसायटीच्या निवडणुकीनंतर पहिल्यांदाच दोन्ही भाऊ एका टेबलाशी, एका बाजूला बसले. 'नोंदणीकृत मोबाइलच्या पावित्र्याचा भंग' या विषयावर चौकशी समिती नेमण्यात आली. समितीत भारतराव, हनुमंतराव आणि इतिवृत्त लिहायला जालिंदर. मुलांच्या वर्षाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

"संदेशात खाली साफ लिवलेलं ऱ्हातंय," भारतराव म्हणाले, "की ओटीपी कुनालाबी सांगू नगा. तरी तू कावून सांगितला?"

मालनबाई उभी होती. तिला बसा म्हणण्याची पद्धत नव्हती.

"कोन म्हन्तं मी सांगितला? मला कुटं वाचता येतंय. तुमच्या बुकात लिवलंय, पान तीन."

जालिंदरने सेवापुस्तक काढले. पान तीनवर 'निरक्षर' असे ठळक होते आणि खाली आण्णांची सही होती. मालनबाईची दहावी झालेली होती. पण शिपायाची जागा दहावी पासला द्यायची होती आणि ती आण्णांच्या साडूच्या पोराला ठरलेली होती. म्हणून आण्णांनी तिला सेविका केले आणि सही येत असताना अंगठा घेतला. हे दोन्ही भावांना माहीत होते, कारण शाईचा पॅड हनुमंतरावांनीच धरला होता.

समितीपुढे कठीण प्रसंग उभा राहिला. तिला वाचता येते म्हणावे, तर आण्णांनी खोटे लिहिले असे होते. तिला येत नाही म्हणावे, तर गुन्हाच उरत नाही. जालिंदरला खरे काय ते ठाऊक होते. ऐकणारे कान त्याचेच होते. तो मान खाली घालून इतिवृत्त लिहीत राहिला, कपाटासमोर घालतात तशी.

चहा झाल्यावर समितीने निष्कर्ष काढला: ओटीपी कुणीही वाचलेला नाही, कुणीही सांगितलेला नाही. ज्याअर्थी खाते उघडले, त्याअर्थी आण्णांनीच उघडले. विद्यार्थ्यांची काळजी त्यांना तिकडेही आहे. दोन्ही भावांनी डोळे पुसले. खोलीबाहेर संगमरवरी फलक लागला, त्यावर या घटनेची हकीकत आणि तारीख आहे. पुन्हा असे घडू नये म्हणून कपाटाच्या काचेला आतून पांढरा रंग दिला.

दोन महिन्यांनी हॉल तिकिटे आली. पौर्णिमाचे तिकीट मालनबाईने जालिंदरच्या टेबलावरून स्वतः उचलले, नाव बघून, एकशे शहाऐंशींतून. जालिंदर दुसरीकडे बघत होता. फलक पुसण्याचे कामही आता तिच्याकडेच आहे. फलकावरची तारीख एका दिवसाने चुकली आहे. तिला ते माहीत आहे, पण सांगणार कशी? तिला वाचता येत नाही.

ही हकीकत ऐकून सुशिक्षित माणसे हसतात. कोणतीही गोष्ट एकाच पुराव्यावर मानू नये, दोन पायऱ्यांनी पडताळावी, हे त्यांना चांगले ठाऊक असते. वर काच पुसायच्या परिच्छेदात, कंसात, मालनबाई निरक्षर असल्याचे नोंदवले होते. पुढच्याच ओळींत ती पेपर धरून बसते, असेही लिहिले होते. तरी तुम्ही तो कंस पहिल्या पायरीतच मंजूर केलात.