लख्ख उन्हातली छत्री

हिवाळ्यातल्या लख्ख उन्हात गोरखीतल्या माझ्या घराकडून कंपूकडे एक काळी छत्री खांद्यापर्यंत उतरून चालताना दिसली, की समजावं, कंपूत राहणारे माझे बापूमामा आज पुन्हा घड्याळावर हरले.

साध्या हारण्याला छत्री नसते. पण मामांचं बुद्धिबळ पाच-पाच मिनिटांचं. खेळी करायची, आपलं बटण दाबायचं. आपलं घड्याळ थांबतं, समोरच्याचं चालू होतं. आपली पाच मिनिटं संपली की वजिरासकट सगळी फौज शाबूत असली तरी हार. मामांची फौज नेहमी शाबूतच असायची. "जिंकलेला डाव गेला. शरमेची बात आहे रे," असं पुटपुटत ते छत्री उघडायचे. कोपऱ्यावरचा पानवाला मुद्दाम विचारायचा, "बाबूजी, बारिश कब से है?" छत्री आणखी चार बोटं खाली.

प्रतिस्पर्धी एकच, सक्सेनाजी. ते मामांना आडनावानं, 'पागे' म्हणूनच हाक मारायचे. दोघं एकाच कॉलेजातून निवृत्त. दर रविवारी माझ्या व्हरांड्यात सामना. पंच मी, चहावालाही मीच. मामांचं डोकं तल्लख, अडचण बटणाची. खेळी झाली की आधी "माफ कीजिए" म्हणायचे, मग इस्त्री तापली का बघावं तसं एक बोट लावायचे.

"मामा, ठोका की सरळ."

"समोर माणूस बसलाय, आणि ठोकू? म्हणजे 'चला, उठा' म्हणण्यासारखंच. पाहुण्यासमोर घड्याळाकडे नुसतं बघितलं तरी तुझी आजी डोळे वटारायची."

दिवाळीनंतर सक्सेनाजींनी सांगितलं, घर विकलं, आता कायमचे मुलाकडे इंदूरला. मामा दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आले आणि दार लोटून घेतलं. "जायच्या आधी एकदा जिंकायचंय. नाहीतर हा माणूस इंदूरभर माझी अब्रू वाटत फिरेल."

मग मी गुरू झालो. सुरुवातीच्या खेळ्या पाठ करा, तिथे विचार नको. वेळ शेवटासाठी राखा. ज्या हातानं मोहरा उचलाल त्याच हातानं बटण. मामांनी सराव जेवणाच्या टेबलावर मांडला. एक घास, की पोळीच्या डब्यावर एक थाप. मामींनी फोन केला, "अरे, हे जेवतायत की तबला शिकतायत?" पण हात सुटला. मोबाइलवरही मामा अनोळखी पोरांना झटपट हरवू लागले. ती पाहुणे नव्हती.

शेवटच्या रविवारी मामा असे खेळले की मी कप हातात धरून तसाच उभा राहिलो. टक्, टक्, टक्. माफी नाही, काही नाही. सक्सेनाजींची वेळ सरत आली. मामांकडे मिनिटभर शिल्लक. मामांनी हत्ती सरकवला. पुढच्या खेळीला मात; ती मलाही दिसत होती. हात बटणावर गेला आणि तिथेच अधांतरी राहिला.

मी खाकरलो. पंचाला बोलता येत नाही.

सक्सेनाजीच बोलले. "पागे, बटन."

"दबाता हूँ. आप चाय तो ख़त्म कीजिए."

सक्सेनाजींचा कप केव्हाच रिकामा झाला होता. त्यांनी तो उचलला, ओठाला लावला आणि सावकाश प्यायला लागले. मामा पटाकडे बघत होते, कान लाल, चोरी पकडल्यासारखे. मामांचं मिनिट सरलं. घड्याळ वाजलं.

"फिर हार गए, पागे," सक्सेनाजी म्हणाले, पण नेहमीची फिरकी त्यात नव्हती.

"शरम की बात है," मामा म्हणाले आणि छत्री शोधायला वळले.

मी फाटकापर्यंत गेलो. बाहेर लख्ख ऊन. मामांनी छत्री उघडून पार खाली ओढली. सक्सेनाजींचं घर दाल बाज़ारात, अगदी उलट्या दिशेला. ते क्षणभर थांबले, मग वाकून त्याच छत्रीत शिरले. दोन जोडी चपला कंपूच्या वाटेला लागल्या.

पानवाल्यानं मान वर केली, छत्रीकडे बघितलं, आणि काही न विचारता पानं धुवायला लागला.